‘मोअर टॉलर’ का चुकतं?

प्रश्न – ‘ती माझ्यापेक्षा जास्त उंच आहे’ हे इंग्रजीत सांगताना माझ्या तोंडून दर वेळी ‘मोअर टॉलर’ निघतं. ‘अर’ कुठे लावायचा आणि ‘मोअर’ कुठे, हे ओळखायचं कसं? शब्द लांब असला की ‘मोअर’, असं शिकले होते. पण मग ‘स्ट्राँग’ तर ‘हॅपी’पेक्षा लांब दिसतो!

उत्तर – घोटाळा ‘जास्त’मुळे होतो. मराठीत तुलनेचं काम ‘पेक्षा’ किंवा ‘हून’ करतं, विशेषण बदलत नाही. ‘जास्त’ गाळलं तरी वाक्य पुरं होतं. इंग्रजीत ते ‘जास्त’ ‘टॉलर’च्या ‘अर’मध्येच आलेलं असतं, वर ‘मोअर’ लावलं की तेच दोनदा होतं.

लांबी अक्षरांनी मोजू नका, कानांना किती स्वर ऐकू येतात ते मोजा. ‘स्ट्राँग’मध्ये स्वर एकच, म्हणून ‘स्ट्राँगर’. ‘हॅपी’त दोन आहेत, पण असे ‘ई’ने संपणारे बहुतेक शब्द ‘अर’च घेतात : हॅपिअर, ईझिअर, हेविअर. ‘ब्यूटिफुल’मध्ये तीन, तिथे ‘मोअर’. ‘क्लेव्हर’, ‘नॅरो’, ‘सिंपल’ यांना दोन्ही चालतं. गुड-बेटर, बॅड-वर्स मात्र पाठच करावं लागतं.

आणखी एक – ‘बोअर्ड’ आणि ‘टायर्ड’ही लक्षात ठेवा. क्रियापदापासून झालेल्या अशा विशेषणांना, शब्द छोटा असला तरी, ‘मोअर’च लागतं. आणि ‘माझ्यापेक्षा खूप उंच’ म्हणजे ‘व्हेरी टॉलर’ नव्हे, ‘मच टॉलर’. ही चूक मी वर्षानुवर्षं केली आहे.

थोडं मुळाविषयी – हा ‘अर’ आपल्याला तितकासा परका नाही. संस्कृतात ‘स्वादु’पासून ‘स्वादीयस्’ आणि ‘स्वादिष्ठ’ होतात. इंग्रजीत स्वीट, स्वीटर, स्वीटेस्ट. शब्द आणि प्रत्यय दोन्ही एकाच प्राचीन मुळातून आलेले आहेत. मराठीत आपण ‘स्वादिष्ट’ लिहितो आणि त्याचा अर्थ नुसता ‘चवदार’ उरला आहे, पण मुळात तो ‘सर्वांत गोड’. ज्येष्ठ, कनिष्ठ, श्रेष्ठ हेही तसेच. म्हणजे ‘श्रेष्ठतम’मध्येही ‘सर्वांत’ दोनदा येतंच की.

प्रश्न – स्वर मोजून पाहिले, जमतंय! पण मग ‘फन’चं ‘फनर’ का होत नाही?

उत्तर – ‘फन’ मुळात नाम आहे, मौज. ‘जास्त मौज’ म्हणजे ‘मोअर फन’. विशेषण हवं असेल तर ‘फनी’ आहे, त्याचं ‘फनिअर’ होतं. पण ‘फनी’ म्हणजे मजेचा नव्हे, हसवणारा किंवा विचित्र.