जगभरातल्या घरांच्या जेवणाचे फोटो पाहिले, आपल्या घरचा काढला तर त्यात काय दिसन?

वावरवाला_आर्णी:
पीटर मेंझेल आन फेथ डॅलुईझिओ या नवराबायकोनं 24 देशांतल्या 30 घरी जाऊन घरच्या लोकाईले त्यांच्या आठवड्याच्या खाण्यासोबत बसवून फोटो काढले, 2005 मधे त्याचं पुस्तक निघालं. काल मोबाईलवर मायले दाखवत होतो. जर्मनीतल्या एका घराचा आठवड्याचा खर्च 500 डॉलर, आन आफ्रिकेतल्या चाड देशाच्या निर्वासित छावणीत सुदानच्या दारफुरहून आलेली एक माय आन तिचे पाच लेकरं, त्यांनी विकत घेतलेलं फक्त 1.23 डॉलरचं, बाकी मदतीचं रेशन. मी तो आकडा वाचून चूपच झालो. मायनं आकड्याकडं ध्यानच नाही दिलं, रेशनच्या यादीत अख्खी ज्वारी आहे म्हटलं तं लगेच म्हणे, "मंग बिचारी दळाले कुठं जाते?"
मले वाटलं हे तं आपलंच खाणं होय. कण्या, आंबील, भाकर. पण आमच्या वावरात आता कापूस, तूर, सोयाबीन, ज्वारी पेरली का रानडुकरं राहू देत नाही, म्हणून भाकरीची ज्वारी बी दुकानातून आणतो. सांगा बरं, तुमच्या घरचा फोटो काढला तं काय दिसन?

पुसदकर:
छावण्याईत लोकं धान्यातलाच काही हिस्सा देऊन दळून घेतात भाऊ, म्हणजे मिळालं त्यातूनबी कमी होते. त्या पुस्तकात आपल्या देशातलं घर उज्जैनचं आहे, शाकाहारी, 39 डॉलरच्या आसपास. आमच्या फोटोत समोर रेशनचे गहू-तांदूळ दिसतीन, माणशी महिन्याले 5 किलो, 2023 च्या जानेवारीपासून फुकट. पैशानं घेतलेलं म्हणजे तेल, साखर, चहापत्ती, आलू, कांदे आन लेकराईचे कुरकुऱ्याचे पुडे. लटकवलेल्या पुड्यांची ती माळ आता प्रत्येक गावच्या दुकानात आहे.

अंबाडीची_भाजी:
मी बाई माणूस आहे म्हणून लिहिते. पावसाळ्यात तरोटा धुऱ्यावरून खुडून आणतो, अंबाडी वावरात कडेनं लावलेली असते, परसात सांबार म्हणजे कोथिंबीर, कोणाच्या घरून शेवग्याच्या शेंगा, याची किंमत कोणत्या यादीत येईन? आठवड्याचा खर्च कमी दिसला म्हणजे घर उपाशीच असं नाही. आन दुसरं, सगळं खाणं समोर मांडून फोटो काढला तं कोण आधी जेवते ते नाही दिसत. आमच्या घरी सासू आन मी शेवटी बसतो, तोवर वरणाच्या गंजात, म्हणजे पातेल्यात, तळाशी पाणीच राह्यते, तुरीचं दाणं नाही. तो गंज बी फोटोत घ्या.

वावरवाला_आर्णी:
ताई, हे डोक्यातच नव्हतं आलं. येत्या बाजाराच्या दिवशी आमचा फोटो काढतो, तरोटा, वरणाचा गंज सगळं ठेवून. माय म्हणते जातं बी ठेव, 15 वर्षापासून कोपऱ्यात पडून आहे.