शुगर ग्लायडरचं पिल्लू शेजारच्या मुलाला द्यावं का?

आगरवाला
गुहागरजवळ राहतो, नारळ-सुपारीचं आगर आहे. चार वर्षांपूर्वी मुलीने पुण्याहून शुगर ग्लायडरची जोडी आणली. उडत्या खारीसारखा दिसणारा, मादीच्या पोटाला कांगारूसारखी पिशवी असलेला हा ऑस्ट्रेलियातला इवला प्राणी. आता ती शिकायला तिकडे आणि जोडी माझ्या गळ्यात. सुरुवातीला वैतागलो होतो, खोटं कशाला बोलू! पण रात्री साडेनऊला दिवे मंद केले की दोघं फांदीवरून थेट माझ्या खांद्यावर झेपावतात. हातापासून पायापर्यंत कातडीचा पडदा ताणला जातो, शेपटी सुकाणूसारखी वळते. रानात ५० मीटरपर्यंत तरंगत जातात. आमच्या माजघरात बारा फुटांवर भागवतात. सव्वाशे ग्रॅमचा जीव, पण खिशात झोपला की छातीला ऊब लागते.

एप्रिलअखेर पिल्लू आईच्या पिशवीतून बाहेर आलं. गर्भ फक्त १६ दिवसांचा, जन्मताना तांदळाच्या दाण्याएवढं, पुढचे सत्तर दिवस पिशवीत. आता स्वतःचं स्वतः खातं. शेजारचा दहा वर्षांचा मुलगा मागे लागलाय. माझं मत, द्यावं. मोबाइलमधून मान तरी वर काढेल. तुमचं काय म्हणणं?

पागोळी
ठाम विरोध. हा कळपातला प्राणी, रानात सात-आठ जण एका ढोलीत गुरफटून झोपतात. एकटा पडला की स्वतःचेच केस उपटतो, शेपटी कुरतडतो. शिवाय मुलगा शाळेत जाईल तेव्हा हा झोपलेला आणि मुलगा झोपेल तेव्हा हा उठणार. जीव लावणार कधी, स्वप्नात?

आगरवाला
संध्याकाळी तासभर कापडी पिशवीत घालून गळ्यात अडकवलं तरी वासाची ओळख होते. मी तेच केलं होतं.

पागोळी
काका, तुमच्याकडे जोडी होती.

गुरांचा डॉक्टर
तालुक्यात गाई-शेळ्या बघतो, अधूनमधून कुत्री. दोन वर्षांपूर्वी माझ्याकडे असाच एक ग्लायडर आणला, मागचे दोन्ही पाय लुळे. काय खायला घालता विचारलं, तर केळं आणि हापूस. लाडाने घालत होते बिचारे. पण नुसत्या फळांवर याला कॅल्शियम पुरत नाही. आहारात फॉस्फरसच्या साधारण दुप्पट कॅल्शियम लागतं. नाहीतर शरीर ते हाडांतून ओढून घेतं. एवढ्याशा जिवाला भूल द्यायची सोय माझ्याकडे नाही. पुण्याला न्या म्हणालो. नेईपर्यंत उशीर झाला होता. मुलाच्या बापाला विचारा, भर पावसात कुंभार्ली घाटातून याला घेऊन जाशील का?

आणि पिल्लू नर की मादी? मादी असेल तर बापाजवळ तशीच ठेवून चालणार नाही, हेही बघा.

सड्यावरचा
मी तर म्हणतो, पाळूच नये. ऑस्ट्रेलिया आपले रानटी प्राणी पाळण्यासाठी निर्यात करू देत नाही, मग आपल्याला हौस कशाला? तिथल्याच टास्मानिया बेटावर हे माणसानेच १८३५ च्या सुमारास नेले. आज ढोलीत बसलेल्या स्विफ्ट पोपटाची अंडी, पिल्लं, प्रसंगी मादीही खातात. ती जात नामशेष व्हायला टेकलीय. ढोलीत घरटं करणारे तांबट आणि पोपट आपल्याकडेही आहेत.

हापूसवाला
अहो, आगरात सुटला तर पहिल्याच रात्री मांजर नाहीतर धामण गिळेल. तांबट खायला उरतो कुठला!

सड्यावरचा
मांजराच्या तोंडी देण्यासाठी पाळायचा का मग?

मालवणी मुलूख
माका येक सांगा, रातभर भुकणारा जनावर घरात कित्याक होया? कुत्रो असा मां!

दापोलीची
भुंकतो खरा, बारीक कुत्र्यासारखा. सहा वर्षं ऐकतेय. आणि वास! नराच्या डोक्यावर टक्कल असतं ना, ती वासाची ग्रंथी. श्रावणात आपलेच कपडे वाळत नाहीत, त्यात त्यांच्या झोपायच्या पिशव्या धुवायच्या. तरी मी पाळणाऱ्यांच्या बाजूने आहे. माझ्या सासऱ्यांना रात्री झोप लागत नाही. दोन वाजता घरात जागे असतात ते आणि ही जोडी. सासरे पपईची फोड धरतात, जोडी ती पुढच्या दोन हातांनी धरून खाते, मग सासरे त्यांना गावातल्या सगळ्या भानगडी सांगतात. ज्या घरात रात्रीचं जागं माणूस आहे, तिथे हा प्राणी शोभतो. दहा वर्षांच्या पोराकडे नाही. बारा वर्षं जगला तर पोरगा बावीसचा होईल, नोकरीला मुंबईत. मग कोण बघणार? आई!

आगरवाला
दापोलीच्या ताई, शेवटचं वाक्य लागलं. माझ्याकडे तेच झालंय.

आगरवाला (चार दिवसांनी)
मुलाला आणि त्याच्या वडिलांना शनिवारी रात्री मुद्दाम बोलावलं. साडेदहाला मुलगा सोफ्यावर आडवा. वडील बारापर्यंत बसले. नराने त्यांच्या शर्टावर मुतून घेतलं, मग वीज गेली, अंधारात तिघंही आमच्या डोक्यावरून उड्या मारत होते. जाताना म्हणाले, "रोज असंच?"

पिल्लू मादी निघाली, ती इथेच राहील. नराची नसबंदी करायला सोमवारी पुण्याला निघतोय, घाट सुरू असला तर. पोरगा रोज संध्याकाळी त्यांना खायला नाकतोडे पकडून आणतो. फवारणी झालेल्या बागेतले नकोत म्हणून बजावलंय.

गुरांचा डॉक्टर
पिंजऱ्यावर जाड चादर टाका, घाटात गारठा असतो.