मदत हवी आहे: मावळ्यांचे कपडे खरे वाटत नाहीत, पाच आठवडे उरलेत

वसई_खाडी
नमस्कार मंडळी. आमचा चौदा जणांचा गट आहे. दर मे महिन्यात किल्ल्यात लढाईचा प्रसंग उभा करतो. तीन वर्षं ड्रेपरी भाड्याने आणली. भगवे सॅटीनचे अंगरखे, सोनेरी काठ, तयार बांधलेले फेटे. गेल्या वर्षी प्रसंग संपल्यावर एक निवृत्त गुरुजी पुढे आले आणि म्हणाले, "पोरांनो, जीव ओतून करता, पण सगळे एकाच लग्नाचे वऱ्हाडी दिसता." ते मनाला फार लागलं, कारण खरं होतं.

यंदा स्वतःचे कपडे करायचे ठरवलंय. माणशी बाराशे रुपये जमलेत. कापड कुठलं, रंग कुठला, नवे कपडे जुने कसे दाखवायचे, एवढंच हवंय. कृपया लवकर सांगा, शिंपी थांबलाय.

गडवाट
पहिल्यांदा शस्त्रांकडे बघा. कपडे नंतर. बहुतेक गट वाकडी तलवार घेऊन मिरवतात. मराठ्यांची धोप सरळ पात्याची, लांब. निदान चौघांकडे धोप हवी, दोघांकडे पट्टा, बाकी भाले आणि विटे, म्हणजे दोरी बांधलेले फेकायचे भाले. आणि पट्टा हातात घेणाऱ्याला वस्तादाकडे सहा महिने तरी घालवायला हवेत. आमच्या आखाड्यात या, शिकवतो.

सुईदोरा
मी गेली बावीस वर्षं नाटकांचे कपडे शिवते. भाऊ, काही गोष्टी कळल्याशिवाय शिंप्याला माप देऊ नका. कुठलं साल? चौदाही जण मावळेच का? पायदळ की घोडेस्वार? प्रेक्षक किती लांब बसतात?

वसई_खाडी
प्रेक्षक दहा-पंधरा फुटांवर, काही तर अगदी शेजारी उभे असतात. सगळे पायदळ. साधे सैनिक.
@गडवाट, शस्त्रं आहेत आमच्याकडे, बोथट केलेली. प्रश्न कपड्यांचा आहे.

रंगारी_काका
ते भगवं सॅटीन आधी बाजूला ठेवा. एक धागा उपसून काडी लावा. सूत असेल तर कागदासारखं जळून राख पडेल. पॉलिस्टर वितळून काळी, टणक गुठळी होते. तीच गुठळी अंगाला चिकटली तर कातडी घेऊन सुटते. तुमच्याकडे मशाली असणार, म्हणून हे सगळ्यात आधी.

आता रंग. १८५६ च्या आधी बाजारात रासायनिक रंग जवळजवळ नव्हते. तोवरचं बहुतेक कापड झाडपाल्याच्या, मुळांच्या, मातीच्या रंगाचं. नीळ, मंजिष्ठ, कुसुंबा, हळद, हिरडा, गेरू. यातल्या प्रत्येकाला दर खेपेला वेगळी छटा येते. एकाच भांड्यात दोन पंचे बुडवले तरी जुळे निघत नाहीत. चौदा जण तंतोतंत एका रंगाचे दिसले की तिथेच खोटेपणा उघडा पडतो.

इंद्रायणीकाठ
काका, आदर ठेवून सांगतो, भगवा काढून टाका हा सल्ला मला पटत नाही. भगवा आपला आहे. पोरं अभिमानाने घालतात.

रंगारी_काका
काढून टाका असं मी म्हटलेलंच नाही. सॅटीन काढा म्हटलं. भगवा हवा तर गेरूचा करा, एक-दोघांच्या मुंडाशाला. गेरूचा भगवा विटकरी, धुळकट असतो. कुसुंब्याचा नारिंगी-गुलाबी दिसतो आणि चार उन्हांत उडतो. झेंड्याचा मान झेंड्याला द्या. साध्या शिपायाला सरकार कपडा वाटत नव्हतं, तो घरून निघाला त्या कपड्यांत लढायला यायचा. मराठा पायदळाला त्या काळी एकसारखा गणवेशच नव्हता, त्यामुळे एकसारखेपणा मोडणं हेच तुमचं अर्धं काम आहे.

तुरेदार
फेटा सुटू नये म्हणून एक युक्ती. आधी कापड ओलं करून पिळून घ्या, पहिला पदर दातात धरा, मग वेढे. मी लग्नाच्या हंगामात दिवसाला दीडशे फेटे बांधतो. नाचतानासुद्धा हलत नाही. तुरा हातभर ठेवला तर वरातीत उठून दिसतो. नवरदेवाचा वेगळ्या रंगात घ्यावा.

सुईदोरा
तुरेदार दादा, वरात नाहीये ही. साध्या शिपायाला हातभर तुरा कशाला?

वसई_खाडी, तुम्ही अजून साल सांगितलं नाहीत. मी प्रतापगड, १६५९ धरून चालू का? मग अंगात बाराबंदी, खाली गुडघ्यापर्यंत चोळणा, कमरेला पटका.

गडवाट
प्रतापगड असेल तर जिरेटोप फक्त महाराजांच्या भूमिकेला. आणि दाढी सगळ्यांनी त्यांच्यासारखी कोरून येऊ नये, ही माझी कळकळीची विनंती आहे. हल्ली प्रत्येक गटात चौदापैकी बारा जण तसेच दिसतात.

वसई_खाडी
अहो, प्रतापगड कुठून आला? वसईचा किल्ला! मे महिना! पोर्तुगीजांविरुद्धची चिमाजीअप्पांची मोहीम, १७३९. मला वाटलं नावावरून कळेल.

सुईदोरा
नाही कळलं. "मावळे" वाचलं की सगळे शिवकाळ धरतात. ऐंशी वर्षांचा फरक आहे, भाऊ.

सातारी_तोडा
मग प्रसंग कुठला करताय ते पण सांगा. दरवाजावरचा हल्ला, शिड्या, की सेबॅस्टियनच्या बुरुजाखालचे सुरुंग? सुरुंगाचा असेल तर निम्मे लोक तलवारीवाले दाखवू नका. तिथं माती उपसणारे, दगड फोडणारे बेलदार पाहिजेत. त्यांच्या अंगात अंगरखा कशाला असेल? उघडं अंग, लंगोट नाहीतर आखूड धोतर, डोक्याला गुंडाळलेलं फडकं, हातात पहार आणि टोपली. पाच जणांचा कपड्याचा खर्च तिथंच वाचला.

वसई_खाडी
सुरुंगाचाच आहे! बुरूज उडतो आणि भगदाडातून आपले लोक आत शिरतात. हे बेलदारांचं आमच्या डोक्यातच आलं नव्हतं. पण उघड्या अंगाने उभं राहायला पोरं तयार होतील का?

सातारी_तोडा
मे महिन्यात वसईच्या घामात? आनंदानं होतील.
बंदूकवाले किती? त्यांच्याकडं तोड्याची, म्हणजे जळत्या दोरीनं उडवायची बंदूक हवी. फिरंग्यांकडं चकमकीच्या ठिणगीनं उडणारी, आपल्याकडं बहुतेक तोड्याची. सुती दोरी जाडसर वळून दोन वार मनगटाला गुंडाळा, टोक जळकं करा. कमरेला बंदुकीच्या दारूचं शिंगडं, रंजकाची (बार पेटवायच्या बारीक दारूची) वेगळी छोटी डबी, गोळ्यांची चामड्याची पिशवी. खरी दारू अजिबात नको, परवान्याचा प्रश्न आहे. ही चार सामानं असली की माणूस लांबून बंदूकवाला वाटतो, बंदूक लाकडाची असली तरी.

गडवाट
लाकडाची बंदूक घेऊन खरेपणा आणायचा? मग हौस कशाला करायची.

सातारी_तोडा
दहा फुटांवर लहान पोरं उभी आहेत म्हणून लाकडाची. तुमचा आखाडा बंद मैदानात असतो, हा किल्ला आहे. तोही केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या ताब्यातला. परवानगीच्या कागदावर काय लिहिलंय ते आधी वाचावं लागतं.

सुईदोरा
वाद पुरे, शिंपी थांबलाय.

कापड मांजरपाट घ्या, कोरं, न धुतलेलं. हातमागाचं मिळालं तर फार छान, पण माणशी बाराशेत ते बसणार नाही. ३६ इंच पन्ह्याचं साडेतीन मीटर एका अंगरख्याला पुरतं. शिवायच्या आधी दोनदा धुवा, आटतं.

अंगरखा सगळ्यांना नको. चौघांना अंगरखा, पाच जणांना बंडी किंवा बाराबंदी, बेलदारांचं वर ठरलंच. खाली कुणाला चोळणा, कुणाला काष्टा मारलेलं धोतर. इलास्टिक नाही, नाडी. चेन नाही, बटण नाही, चिकटपट्टी तर अजिबात नाही. फक्त बांधायचे बंद. सात-आठ इंच लांब, त्याच कापडाचे, दुमडून हाताने शिवलेले.

बगलेत चौकोनी तुकडा घालायला सांगा, चौबगला म्हणतात त्याला. हल्लीचे शिंपी शर्टाची बाही लावतात, म्हणून तलवार उचलली की सगळा अंगरखा वर सरकतो आणि पोट दिसतं. चौबगला असला की हात मोकळा फिरतो. कपडा जुन्या पद्धतीचा आहे हे मला लांबून यावरूनच कळतं.

आतली शिलाई मशीनवर चालेल, कुणी बघत नाही. पण गळा, बाहीची कड, घेर आणि बंद हाताने. मशीनची टीप सरळ रेघेसारखी चमकते, दहा फुटांवरून दिसते. धावदोरा घालता येणारी आई-आजी प्रत्येकाच्या घरी असते. पोरांनी स्वतः शिकून केलं तर आणखी बरं.

मेणवली_घाट
बंद कुठल्या बाजूला? मुघल चित्रांत हिंदू डाव्या बगलेत बांधलेले दिसतात आणि मुसलमान उजव्या. बऱ्याच गटांत उलटं पाहिलंय. चित्रांचा आधार हवा असेल तर नाना फडणवीसांच्या मेणवलीच्या वाड्यातली भित्तिचित्रं बघा. वसईनंतरची आहेत, अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातली, पण शिवकाळाच्या कॅलेंडरी चित्रांपेक्षा तुमच्या जवळची. पगड्यांचे आकार नीट पाहून घ्या. दुकानात मिळते ती पुणेरी पगडी एकोणिसाव्या शतकातली, ती आणू नका.

घंटानाद
मेणवलीचा विषय निघालाच आहे तर तिथल्या घाटावरची घंटा नक्की बघा! वसईच्या मोहिमेत चर्चमधून आणलेली. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातली आणि भीमाशंकरचीसुद्धा त्याच मोहिमेतली. नारोशंकराची घंटा मी लहानपणापासून बघतोय, गोदेला पूर आला की पाणी घंटेला लागलं का हेच आधी विचारतात. अशा घंटा आणखी कुठे आहेत याची यादी करतोय. कुणाच्या गावात असेल तर कळवा.

इंद्रायणीकाठ
आमच्याकडे एका देवळात आहे, पण ती त्या मोहिमेतलीच का हे ठाऊक नाही. फोटो काढून पाठवतो.

रंगारी_काका
घंटांचा वेगळा धागा काढा, बाळांनो.

वसई_खाडी, रंगाचं असं करा. चौदातले पाच कपडे कोरेच ठेवा. मांजरपाटाचा मूळ पिवळट रंग उत्तम असतो. चार हिरड्यात बुडवून मग लोखंडाच्या पाण्यात काढा, राखाडी-काळे होतील. लोखंडाचं पाणी म्हणजे गंजके खिळे, गूळ आणि पाणी मडक्यात पंधरा दिवस आंबवायचं. आजच घाला, नाहीतर वेळेत होणार नाही. दोन-तीन मुंडाशी मंजिष्ठेत, आधी तुरटीच्या पाण्यातून काढून. नीळ घरी जमणार नाही, तयार रंगवलेलं कापड घ्या. हळद टाळा, उन्हात दुपारपर्यंत फिकी पडते.

वसई_खाडी
मडकं आजच घातलं. काका, मनापासून आभार. नवे कपडे जुने दिसायला चहात बुडवावे असं एकाने सांगितलंय, ते चालेल का?

गडवाट
चहा चालतो. आम्ही तेच करतो. वर थोडी चिकणमाती फासायची.

रंगारी_काका
चहात सगळं कापड सारखंच तपकिरी होतं, शिवणीत आणि पाठीवर एकच छटा. अंगावर जुना झालेला कपडा असा नसतो. तो खांद्यावर उन्हाने उडतो, मानेला आणि बगलेत घामाने पिवळा होतो, गुडघ्यावर आणि बसायच्या जागी विरतो.

सुईदोरा
काकांशी सहमत. गडवाट, तुमच्या गटाचा खेळ मी पाहिलाय, खेळ फार देखणा, पण कपडे चहाचेच दिसतात. राग मानू नका.
वसई_खाडी, पुढच्या रविवारी कपडे शिवून आले की पोरांना वाडीत कामाला लावा. तेच कपडे घालून. केळीला पाणी, विहिरीचा गाळ, जे असेल ते. रात्री धुवायचे, दिवसा उन्हात टाकायचे. तीन आठवड्यांत जे होईल ते कुठल्याही चहाने होणार नाही. फाटलं तर ठिगळ लावा, वेगळ्या कापडाचं.

गडवाट
राग नाही. आमच्याकडे अशी वाडी नाही, म्हणून चहा. पण हे खरं आहे.

बंदरावरचा
पोर्तुगीज कोण करणार? त्यांच्या कोटांचं काय? कुणी विचारलंच नाही.

वसई_खाडी
पोर्तुगीज दाखवत नाही, बुरुजावरून फक्त आवाज. आमच्यातले तिघे इथल्याच ख्रिस्ती घरांतले आहेत. त्यांच्याशी बोलूनच प्रसंग असा बसवलाय की सुरुंगात मेलेल्या आपल्या बेलदारांवर भर राहील.

पायात काय? सध्या सगळे कोल्हापुरी घालतात, खाली रबराचा तळ.

सातारी_तोडा
रबर नको. चामड्याचा तळ महाग पडत असेल तर निम्मे अनवाणी ठेवा. बेलदार तर अनवाणीच. फक्त आदल्या दिवशी सगळी वाट झाडून घ्या, काचा असतात. आणि घोंगडी विसरू नका. दोघांच्या खांद्यावर घोंगडी असली की ती माणसं दोन महिने वेढ्यात बसलेली वाटतात.

वसई_खाडी
(तीन आठवड्यांनी)
फोटो टाकतोय. नऊ कपडे झाले, पाच बेलदार तयार. आजींनी तिघांचे बंद शिवले, बाकी आम्ही. लोखंडाचं पाणी जमलं, पण एक अंगरखा ठिपक्याठिपक्यांचा झालाय. तो परत रंगवू का?

रंगारी_काका
अजिबात नको. तो सगळ्यात चांगला झालाय. पुढे उभा करा त्याला.

सुईदोरा
बंद सुरेख. आजींना माझा नमस्कार सांगा. डावीकडून तिसऱ्याची बाही दोन इंच लांब आहे, दुमडू नका, कापून घ्या. आणि पहार घेतलेल्या त्या मुलाच्या मनगटावर घड्याळाचा गोरा पट्टा दिसतोय.

वसई_खाडी
आजपासून सगळ्यांची घड्याळं काढायला सांगतो. अजून दहा दिवस आहेत, होईल काळा.