मदत हवी आहे: सॅकचा दोष लाइनचा की क्वार्टरबॅकचा, हे कसं ठरवायचं?

अमेरिकन फुटबॉलमधल्या (NFL) कॅरोलिना पँथर्सचा क्वार्टरबॅक (पास फेकणारा मुख्य खेळाडू) ब्राइस यंग, त्याचा 2023 चा सीझन पुन्हा नीट तपासायचा आहे. 16 सामन्यांत 62 सॅक (पास फेकण्याआधीच क्वार्टरबॅकला पाडणं), 11 टचडाउन पास, 10 इंटरसेप्शन (प्रतिस्पर्ध्याने पकडलेले पास), विजय फक्त 2. ड्राफ्टमधला (नव्या खेळाडूंच्या निवडीतला) पहिल्या क्रमांकाचा पिक, तो मिळवण्यासाठी डीजे मूरसारखा रिसीव्हरही (पास पकडणारा) दुसऱ्या संघाला देऊन टाकलेला, म्हणून चाहत्यांचा संताप समजतो. पण सगळा राग एकट्या यंगवर काढणं मला पटत नाही. लाइनमध्ये, म्हणजे क्वार्टरबॅकला वाचवणाऱ्या पाच जणांच्या रांगेत, गार्डच्या (मधल्या सेंटरच्या शेजारच्या) जागी दुखापतींमुळे माणसं सतत बदलत होती आणि 11 सामन्यांनंतर कोच फ्रँक राइकलाही काढलं.

सध्याची पद्धत अशी: स्नॅपपासून (सेंटर बॉल मागे देतो त्या क्षणापासून) वेळ मोजायची. अडीच सेकंदांच्या आत दबाव आला तर आधी लाइन तपासायची, तीनच्या पुढे गेला तर बॉल हातात धरून ठेवणाऱ्या क्वार्टरबॅककडे बघायचं. बचावाचे सहा जण धावून आले आणि अडवणारे पाचच असतील, तर मोकळा सुटलेला सहावा लाइनच्या खात्यात टाकत नाही. तिथे हॉट रूटवर (अशा वेळी रिसीव्हरने घ्यायच्या छोट्या, झटपट वाटेवर) बॉल लगेच सुटायला हवा.

अडतं ते स्टंटवर. बचावाचे टॅकल आणि एंड धावताना एकमेकांच्या जागा बदलतात, गार्ड आपला माणूस सोडत नाही, मधून वाट मोकळी होते. ही चूक गार्डची, की स्नॅपआधी प्रोटेक्शन (कोणी कोणाला अडवायचं ही आखणी) चुकीचं लावल्याची? सेंटरचे इशारे टीव्हीच्या फुटेजमध्ये नीट कळत नाहीत. एंड झोनमागच्या (मैदानाच्या टोकाकडच्या) कॅमेऱ्यातून हे ओळखायची खूण कोणती? आणि रिसीव्हरने हॉट रूट घेतलाच नाही, तर तो सॅक कोणाच्या नावावर धरता?