मदत हवी आहे: पिझो (अल्ट्रासोनिक थरथरीने हाड कापणारं यंत्र) वापरूनही सायनसचा पडदा कोपऱ्यात फाटतो

लॅटरल विंडोने (बाहेरच्या भिंतीत खिडकी पाडून) सायनस लिफ्ट, म्हणजे दाताच्या इम्प्लांटसाठी वरच्या जबड्यातल्या सायनसचा पडदा उचलून खाली हाड भरणं. खाली उरलेलं हाड 4 मिमी, सीबीसीटीत (जबड्याच्या 3डी स्कॅनमध्ये) बाहेरची भिंत साधारण 2 मिमी, पडदा निरोगी. करवती टीपने चौकोनी खिडकी आखून आरपार कापली, सलाईन मिनिटाला 30 मिली. शेवटच्या थरात टीप अडखळते, कापणं मंदावतं आणि पुढच्या-खालच्या कोपऱ्यात पडदा फाटतो. पिझो मऊ भाग कापत नाही, मग असं का?

उत्तर 1
कापत नाही, पण दाबाने फाडतो. टीप 25-30 किलोहर्ट्झने थरथरते. मऊ ऊतक तिच्याबरोबर हलतं म्हणून वाचतं. अडखळली की हात आपोआप जोर लावतो (बरची, म्हणजे फिरत्या ड्रिलची सवय!) आणि इथेच उलटं होतं. जोराने थरथर दबते, कापणं थांबतं, उष्णता वाढते. 47 अंशांवर मिनिटभर राहिलं तरी हाडाला इजा होते. पेन धरल्यासारखा हलका हात, टीप सतत मागेपुढे, सलाईन थंडगार आणि 50-60 मिलीपर्यंत.

करवती टीप आरपार नेऊच नका. पडद्याची निळसर-करडी झाक दिसली की तिथे थांबा. उरलेला पापुद्रा हिऱ्याच्या गोल टीपने घासून काढा. वेळ जास्त लागतो, पण घाईत काही मिळत नाही. खिडकी चौकोनी नको, लंबगोल करा. टोकदार कोपऱ्यावरच ताण एकवटतो. खालची कड सायनसच्या तळापासून 2-3 मिमी वर, पुढची कड पुढच्या भिंतीमागे सुमारे 3 मिमी.

उत्तर 2
वरच्याशी सहमत, पण माझा संशय एलिव्हेटरवर (पडदा हाडापासून सोडवायच्या हातातल्या हत्यारावर) आहे. पिझोने खिडकी नीट झाली तरी पडदा हाताने उचलताना बऱ्याचदा फाटतो. आधी घंटेच्या आकाराची बोथट टीप कमी पॉवरवर कडेने आतून फिरवून सगळीकडून 2 मिमी पडदा सोडवा. मगच हातातलं हत्यार, आणि त्याची धार कायम हाडाला टेकलेली. पुढे सायनस चिंचोळा असतो. आतल्या-बाहेरच्या भिंतींतला कोन 30 अंशांहून कमी असेल तर धोका जास्त. आडवा पडदेवजा हाडाचा कणा, म्हणजे सेप्टम, आहे का तेही स्कॅनवर बघा. असेल तर दोन्ही बाजूंना दोन खिडक्या. भिंतीतली धमनीही स्कॅनवरच दिसते.

प्रश्नकर्ता
धन्यवाद. कोपरे चौकोनीच होते. फाटलाच तर?

उत्तर 2
भोकाशी खेळू नका. लांबून, चहूबाजूंनी पडदा सोडवा. ताण गेला की 5 मिमीपेक्षा लहान भोक बरेचदा पडद्याच्या घडीत मिटतं. वर कोलेजन मेम्ब्रेन (झाकायचा पातळ पापुद्रा), भोकाच्या सर्व बाजूंनी मोठा. त्यानंतरच ग्राफ्ट (भरायचं हाडाचं साहित्य), न ठासता. 10 मिमीच्या वर गेलं आणि झाकता येत नसेल तर ग्राफ्ट न भरता बंद करा, काही महिन्यांनी पुन्हा. नाक दाबून फुंकायला लावून भोक तपासू नका, त्याने ते वाढतं. श्वासाबरोबर पडदा वरखाली होतोय का, एवढं बघणं पुरेसं. रुग्णाला दोन आठवडे नाक शिंकरायला मनाई; शिंक आलीच तर तोंड उघडं ठेवून.