विषय: तेलाचा बॉयलर काढून हीट पंप, कोणी केलंय का?

नमस्कार मंडळी,
आमचा वेस्टबरोचा बॉयलर म्हातारा झालाय, टेक्निशियन म्हणतो ही थंडी काढेल, पुढची सांगता येत नाही. हीट पंपवाला (हीट पंप म्हणजे एसीसारखं मशीन, थंडीत बाहेरच्या हवेतली उष्णता घरात ओढतं) घर बघून गेला, एकदम गोड बोलला. पण मॅसॅच्युसेट्सच्या थंडीत हे चालतं का खरंच? जानेवारीत सासूबाई पुण्याहून येतायत, त्यांना ७२ फॅरनहाइटला पण स्वेटर लागतो.
– वेस्टबरोकर

---

चालतं हो, मजेत चालतं. ४ फेब्रुवारी २०२३ आठवतोय का, बॉस्टनला उणे १० फॅरनहाइट झालं होतं? आमचा पंप तेव्हा अखंड चालू होता आणि घर ६८ ला होतं. जुने पंप थंडीत मान टाकायचे ते खरं, पण आताचे इन्व्हर्टरवाले कोल्ड क्लायमेट मॉडेल उणे १३ पर्यंत चालतील असं कंपन्या लिहून देतात. नॉर्वे-फिनलंडात घरोघरी आहेत, ते लोक काय कुडकुडत बसलेत का?

फक्त सासूबाईंना आधीच सांगून ठेव की भट्टीसारखी गरम हवा अंगावर येणार नाही. कोमट येते, पण सतत येते, त्यामुळे हात लावून बघणाऱ्याला वाटतं बंदच आहे. आणि बाहेरच्या युनिटमधून मधेच वाफेचा ढग निघाला तर ९११ लावू नका, कॉइलवरचा बर्फ वितळवायला ते मशीन काही मिनिटं उलटं फिरतं, त्याला डीफ्रॉस्ट म्हणतात. युनिट स्टँडवर उंच बसवून घ्या नाहीतर पहिल्याच नॉरईस्टरला (इथलं मोठं हिमवादळ) बर्फात गाडलं जाईल.
– अ‍ॅक्टनकर काका

---

काका, चालतं हे मान्य, पण परवडतं का ते कोणी बोलत नाही!! एका युनिट विजेत ३,४१२ बीटीयू (उष्णतेचं माप), पंप सीझनभरात सरासरी २.७ पट देतो असं धरलं तर ९,२०० च्या आसपास. तेलाच्या गॅलनमध्ये १,३८,०००, बॉयलर ८५ टक्के धरला तर घरात येतात १,१७,०००. म्हणजे गॅलनच्या बदल्यात पावणेतेरा युनिटं, वीज ३० सेंटने धरली तर ३ डॉलर ८० सेंट. तेलवाल्याचं शेवटचं बिल काढून बघा तुमचा दर याच्या वर आहे का खाली.

आमच्याकडे गॅस आहे, ९५ टक्क्यांची फर्नेस, तिच्या एका थर्मला (गॅसच्या बिलातलं माप, १ लाख बीटीयू) हीट पंपने ३ डॉलर १० सेंट पडतात, त्यामुळे मी तरी फर्नेस मरेपर्यंत हात लावणार नाही. ज्यांच्याकडे साधे इलेक्ट्रिक बेसबोर्ड (भिंतीच्या तळाशी लावलेले हीटर) आहेत त्यांनी मात्र विचारच करू नये, सरळ बसवावा.
– फ्रेमिंगहॅमकर

---

३० सेंट सगळीकडे नाही ना पण. आमच्या श्रूजबरीत गावाचीच वीज कंपनी आहे, दर बराच कमी (मास सेव्ह, म्हणजे राज्यातल्या मोठ्या वीज-गॅस कंपन्यांची ऊर्जाबचत योजना, तिचं रिबेट आम्हाला नाही ते वेगळं). आणि मोठ्या वीज कंपन्यांकडे आता हीट पंपवाल्यांना नोव्हेंबर ते एप्रिल वेगळा स्वस्त दर आहे, तो आपोआप लागला असेल असं धरून बसू नका, बिलात बघा, नसेल तर फोन करा.

ताई, तुमच्याकडे गरम पाण्याचे बेसबोर्ड असणार म्हणजे गरम हवा खोल्यांत नेणारे डक्ट नाहीत. त्या पाइपांना १८० डिग्रीचं पाणी लागतं, पाणी तापवणारा हीट पंप १३० च्या आसपासच थकतो, म्हणून बहुतेक लोक खोल्यांत भिंतीवरचे मिनी-स्प्लिट (स्प्लिट एसीसारखे हीट पंप) लावतात, नाहीतर डक्ट टाकायचे, ते महाग. अजून एक, जे कोणीच आधी सांगत नाही: अंघोळीचं पाणी त्याच बॉयलरवर आहे ना? बॉयलर गेला की तेही गेलं, वॉटर हीटर वेगळा घ्यावा लागेल, कोटेशनमध्ये तो धरलाय का विचारा. हीट पंपवाला हीटर घेतलात तर बेसमेंट गार पडतं, पण उन्हाळ्यात दमट वास जातो.
– श्रूजबरीकर

---

बापरे, अंघोळीच्या पाण्याचं डोक्यातच नव्हतं आलं, आत्ता कोटेशन उघडून बघितलं, त्यात नाहीये!! आणि तो ३० टक्के फेडरल टॅक्स क्रेडिट पण मिळेल म्हणाला?
– वेस्टबरोकर

---

ते ३१ डिसेंबर २०२५ ला संपलं. जो माणूस अजून ते विकतोय त्याच्याकडून काम करून घेऊ नकोस, माझं स्पष्ट मत. दुसरे दोघे बोलव, आणि मॅन्युअल जे करतो का हे आधी विचार, म्हणजे खिडक्या-भिंती मोजून हीट लोड काढणं. नुसता स्क्वेअर फूट विचारून टनेज (मशीनची क्षमता) सांगणारा मोठं मशीन गळ्यात मारतो, मग ते सारखं चालू-बंद होतं आणि बिल वाढतं.

पण त्याच्याही आधी मास सेव्हचं फुकट ऑडिट, म्हणजे घरातून उष्णता कुठे वाया जाते त्याची तपासणी. अ‍ॅटिकमध्ये इन्सुलेशन नसेल तर पंप कितीही भारी असो, गरम हवा छपरातून जाणार आणि वर पैसे भरणार तू. पूर्ण घराच्या रिबेटला ते काम झालेलं असावंच लागतं. रिबेटची रक्कम दरवर्षी बदलते, सही करायच्या दिवशीची बघ.

आणि रात्री थर्मोस्टॅट खाली करायची सवय सोडा सगळ्यांनी. पंप हळूहळू तापवतो, सकाळी एकदम ६२ चा ७० करायला लावलात तर बॅकअप हीटर असेल तर तो सुरू होतो आणि बचत तिथेच संपते.
– अ‍ॅक्टनकर काका

---

ऑडिटसाठी फोन केला, संक्रांतीनंतरची वेळ मिळाली. म्हणजे ही थंडी बॉयलरवरच काढायची. सासूबाईंसाठी कोणाकडे जादाचा स्पेस हीटर आहे का, तिळगूळ वाटपाला हॉलवर घेऊन याल?
– वेस्टबरोकर