‘रीड’ : वाचणे नव्हे, सांगून ठेवणे

प्रश्न : स्कॉटिश कवी रॉबर्ट बर्न्सच्या एका कवितेत ‘आय रीड यू’ असं येतं. स्पेलिंग आर-ई-डी-ई. ‘मी तुम्हाला वाचतो’ असा अर्थ घेतला तर ओळच लागत नाही. मराठीत ‘इशारा देतो’ म्हणावं का?

उत्तर : उच्चार ‘वाचणे’वाल्या रीडसारखाच, पण इथे अर्थ सल्ला देणे, सावध करणे. कविता १७८९ सालची. फ्रान्सिस ग्रोस हा जुन्या वास्तूंचा अभ्यासक तेव्हा स्कॉटलंडभर हिंडत होता. बर्न्स आपल्या लोकांना म्हणतो : तुमच्या कोटांना कुठे भोक असेल तर सांगून ठेवतो, तिकडे बघा, तुमच्यात एक गडी टिपणं घेत फिरतोय आणि तो ती छापणार!

‘सांगून ठेवतो’ मी मुद्दाम वापरलं. ‘इशारा’ सरकार देतं, हवामान खातं देतं. ‘ताकीद’ द्यायला हातात अधिकार लागतो. ‘बजावणे’ जवळचं आहे, पण त्यात आवाज चढतो, शिवाय नोटीसही बजावतात. या रीडमध्ये अधिकार नाही, आपुलकी आहे. ‘मी आपलं सांगून ठेवते हं, नंतर म्हणू नकोस’ असं आजी म्हणते, तेव्हा तो सल्ला असतो की इशारा? दोन्ही. नेमकं तेच इथे आहे.

प्रश्न : मग ‘वाचणे’शी याचं काहीच नातं नाही?

उत्तर : नातं सख्खं आहे! मुळात शब्द एकच. जुन्या इंग्रजीत त्या क्रियापदाचे अर्थ सल्ला देणे, राज्य चालवणे, कोडं उलगडणे असे होते. खुणा उलगडता उलगडता ते अक्षरं उलगडण्यापर्यंत, म्हणजे वाचण्यापर्यंत आलं. ‘रिडल’ (कोडं) त्याच घरचा. जर्मनमध्ये ‘राटेन’ म्हणजे आजही सल्ला देणे आणि तर्काने ओळखणे. वाचण्यासाठी मात्र तिथे ‘लेझेन’ हा वेगळाच शब्द. भाषाशास्त्रज्ञ याचं नातं संस्कृत ‘राध्’ धातूशी जोडतात, ज्यातून आपले आराधना आणि अपराध आले. हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी कितीतरी वेळ कोश उघडा ठेवून बसलो होतो.

हाच सल्ल्याचा शब्द एका राजाच्या नावातही आहे. इंग्लंडचा राजा एथेलरेड (मृत्यू १०१६) ‘अनरेडी’ म्हणून ओळखला जातो. त्याचा अर्थ ‘तयारी नसलेला’ असा सर्रास सांगतात. तो चुकीचा आहे. एथेलरेड म्हणजे ‘उदात्त सल्ला’, आणि टोपणनाव होतं ‘अनरेड’, म्हणजे सल्ल्याचा अभाव, कुमंत्रणा. नावावरच केलेली ती कोटी होती.

प्रश्न : नाम म्हणून वापरतात का?

उत्तर : हो. ‘हॅम्लेट’मध्ये ऑफेलिया भावाला सुनावते : दुसऱ्यांना स्वर्गाची काटेरी वाट दाखवून स्वतः मौजेच्या वाटेने जाणाऱ्या, आपलाच ‘रीड’ न पाळणाऱ्या धर्मोपदेशकासारखं वागू नकोस. आपल्याकडे ‘लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण’. इथे ‘सांगून ठेवणे’ बसत नाही, ‘उपदेश’च घ्यावा लागतो. क्रियापदाला एक शब्द आणि नामाला दुसरा, असं करायला माझी तरी हरकत नाही. ‘सल्ला’ दोन्हीकडे चालवता येईल, पण मग बर्न्सच्या ओळीतली काळजी जाते.